पॉलिशवाल्यांच्या मॅडम

आमच्या इमारतीत तळमजल्यावर जुन्या फर्निचरला पॉलिश करून देणारे एक गृहस्थ राहतात. राहतात म्हणजे पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. सगळे त्यांना पॉलिशवाले म्हणतात, मी भाऊ म्हणते. लग्न होऊन मी या इमारतीत आले त्याच दिवशी माझ्या कपाटाचं दार जिन्यात आपटून फुटलं होतं. भाऊंनी ते संध्याकाळपर्यंत असं काही सांधून दिलं की सासूबाईंना आजतागायत पत्ता नाही. असलं गुपित ज्याच्यासोबत वाटून घेतलं, त्याला भाऊ मानावंच लागतं.

त्यांचा धंदाच मुळी झाकण्याचा. भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिशपेपरने घासायचं, वर लाखेचे सात-आठ हात द्यायचे. मग त्या टेबलावर कधीकाळी कुणी सुरी चालवली होती, हे खुद्द टेबलालाही आठवत नाही. पण काम अंगावर घेण्याआधी ते एक गोष्ट न चुकता करतात. खिशातून खडूचा तुकडा काढतात आणि गिऱ्हाइकासमोर वस्तूतल्या प्रत्येक दोषावर फुली मारतात. इथे वाळवी, इथे सांधा ढिला, हा पाय तर आधीच्या कुणीतरी चक्क बदललाय. "आत्ता दाखवलं नाही, तर नंतर म्हणणार तुम्हीच केलंत," असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक हताश होऊन घरी गेलं, की फुल्या पुसून झाकायला सुरुवात.

एकच वस्तू अशी होती जिच्यावर त्यांनी कधी फुली मारली नाही आणि सोळा वर्षं नुसते हातांवर हात दिले. ती म्हणजे त्यांची मुलगी.

तिला सगळे मॅडम म्हणतात. जन्माच्या वेळी श्वास अडकला, आणि त्या काही मिनिटांत जे व्हायचं ते होऊन गेलं. मॅडम चालत नाहीत, बसत नाहीत, बोलत नाहीत, मान धरत नाहीत. जेवण शिजवून, वाटून, गाळून चमच्याने भरवायचं. एका जेवणाला पाऊण तास लागतो आणि मनाविरुद्ध पदार्थ असला तर मॅडम डोळे मिटून घेतात, सभा बरखास्त. दर दोन तासांनी कूस बदलायची. बाकीचा वेळ त्या दुकानात भाऊंनी बनवलेल्या खुर्चीत असतात. ही त्यांची सातवी खुर्ची. तिचे हात कुणाच्या तरी शिसवी कपाटातून आलेत, पाठ एका मोडक्या पलंगातून, आणि तिची झिलई अशी की येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी खुर्चीची किंमत विचारतं आणि मग दचकून मॅडमना नमस्कार करतं.

मॅडमना एक गोष्ट मात्र मनापासून आवडते. कुणी शिंकलं की त्या हसतात. लगेच नाही. शिंक ऐकल्यावर ती आत कुठेतरी नोंदवली जाते, फाइल वर जाते, मंजूर होऊन खाली येते, आणि अर्ध्या मिनिटाने मॅडमचं सगळं अंग ताणलं जाऊन असं काही हसू फुटतं की शिंकणाऱ्याला आपण काहीतरी कमावल्यासारखं वाटतं. आमचे हे ऑफिसला जाताना मुद्दाम दुकानाच्या दारात खोटं शिंकून जातात. खोट्या शिंकेला मॅडम हसत नाहीत. ह्यांचा हिरमोड होतो, पण प्रयत्न सोडत नाहीत.

भाऊंची बायको, म्हणजे माझ्या वहिनी, भाऊंच्या अगदी उलट. त्या काही झाकत नाहीत. एकदा मी नवी नवी असताना शहाणपणाने विचारलं होतं, "दुसऱ्या मुलाचा विचार नाही केलात?" वहिनी गाळणी धूत होत्या. म्हणाल्या, "केला ना. पण मग लक्षात आलं, आपण मूल नाही, हिच्यासाठी पुढची नोकरमाणसं जन्माला घालायला निघालोय. त्या बाळाला आधी विचारायला नको का? ते काही विचारता येईना, म्हणून राहिलं." मी त्या दिवशी वर आले आणि उगाचच कपाट आवरलं.

दुखणं सुरू झालं ते वहिनींच्या कंबरेत. सोळा वर्षांत मॅडम अडीच किलोच्या अडतीस किलो झाल्या होत्या आणि दिवसातून बारा वेळा उचलणं काही कमी झालं नव्हतं. डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडाकडे धरला आणि सांगितलं की पाच किलोच्या वर काहीही उचलायचं नाही.

"मग मुलीला आठ हप्त्यांत उचलू का?" वहिनींनी विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हे असंच चाललं तर वर्षभरात तुम्हालाच कुणीतरी उचलावं लागेल. मग दोघींचं कोण करणार?"

भाऊ दुकान बंद करून घरी बसले तर खायचं काय, हा प्रश्न होताच. गावाबाहेर एक निवासी संस्था होती, ती पाहायला दोघं गेले. वहिनी व्यवस्थापकांशी बोलत होत्या, भाऊ पलंग बघत होते. पलंगाच्या कडा खरबरीत. भाऊंनी पिशवीतून पॉलिशपेपर काढला आणि एक कड घासायला घेतली. मग दुसऱ्या पलंगाची. संध्याकाळपर्यंत एक पूर्ण दालन घासून झालं. व्यवस्थापक खूश होऊन म्हणाले, "मुलीला कधी आणताय?" भाऊ म्हणाले, "अजून दोन दालनं राहिलीत." परतीच्या रस्त्यात एवढंच म्हणाले, "माणसं चांगली आहेत गं. पण तिथे शिंकेल कोण?"

तेव्हा एकच मार्ग उरला. साहाय्य कार्यालयाकडून घरी रोज चार तास मदतनीस बाई मिळते, त्यासाठी अर्ज करायचा. मंजूर झाला तर मॅडम घरी राहतील. नामंजूर झाला तर संस्था. वहिनींनी हे मला जिन्यात उभं राहून सांगितलं, एका हाताने कठडा धरून आणि एका हाताने कंबर.

इमारतीतले अर्ज मी लिहिते. पदवीचा तेवढाच उपयोग झालाय. नऊ पानांचा अर्ज घेऊन मी खाली गेले. वहिनी मॅडमना भरवत होत्या, म्हणून भाऊंनी उत्तरं दिली. हात लाखेने चिकट, तोंड मोकळं.

"स्वतः जेवते का?"

"जेवते की. आवडीनिवडी आहेत तिच्या."

"जिना चढउतार?"

"रोज एकदा गच्चीवर जातोच आम्ही."

"इतरांशी संवाद साधते का?"

"ताई, तुम्हीच सांगा. तुमच्या मिस्टरांच्या खोट्या शिंकेला ती हसते का? पारखते आधी."

आता मला कळायला नको होतं? पण भाऊ सांगत असले की सगळं पटतं. शिवाय वर्षानुवर्षं मीही त्याच झिलईत वावरले होते. मी सुवाच्य अक्षरात आणि, खोटं कशाला बोलू, जरा बऱ्या भाषेत लिहून दिलं.

महिन्याभराने उत्तर आलं. "अर्जातील माहितीनुसार आपली कन्या दैनंदिन व्यवहारांत बव्हंशी स्वावलंबी असल्याचे दिसते. तिच्या प्रगतीबद्दल कार्यालय अभिनंदन करते. मदतनीसाची आवश्यकता आढळत नाही." खाली व्यवसाय प्रशिक्षण वर्गाचं पत्रक जोडलं होतं. वहिनींनी ते मॅडमना वाचून दाखवलं. "बघा, तुम्हाला नोकरी करायला सांगतायत. सोमवारपासून डबा देऊ ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुमचं अक्षर फार सुंदर आहे हो." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

फेरविचाराचा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी दिला. या खेपेला तपासनीस घरी येऊन पाहणार होते. जितक्या गोष्टी येत नाहीत तितके गुण जास्त, असा हिशेब होता. नापास झाल्याशिवाय पास होता येत नाही अशी परीक्षा मी पहिल्यांदाच पाहत होते. वहिनींनी तयारी करून घ्यायचं ठरवलं. मॅडमच्या शेजारी स्टुलावर बसल्या, नसलेला चष्मा नाकावर सारला आणि आवाज घोगरा करून म्हणाल्या, "मुलगी स्वतःच्या हाताने जेवते का?"

"नाही," भाऊ म्हणाले.

"शाब्बास. चालते का?"

"नाही."

"बोलते का?"

भाऊ पॉलिशच्या बोळ्याला स्पिरिट लावू लागले.

"अहो, मी काय विचारतेय? बोलते का?"

"आपल्यासारखी नाही बोलत."

"झालं! गेले गुण. नुसतं 'नाही' म्हणा. दोन अक्षरं आहेत."

"दोनच आहेत. पण तिच्यासमोर म्हणायचीत."

"तिला कळतंय का त्यातलं?"

वहिनी हे बोलून गेल्या आणि स्वतःच थबकल्या. भाऊंनी बोळा खाली ठेवला.

"नसेल कळत तर प्रश्नच नाही. पण कळत असेल तर? सोळा वर्षं सांगतोय, तू आमची मॅडम. आणि एका सकाळी एका परक्या माणसाला सांगायचं, हिला काही म्हणता काही येत नाही? आणि ते सांगून वर बक्षीस घ्यायचं?"

"आणि माझ्या कंबरेला काय सांगू?" वहिनी म्हणाल्या. "सोळा वर्षं तिलाही सांगतेच आहे, जरा दम धर, हे काहीतरी करतील."

दोघांचंही खरं होतं, आणि मी मध्ये दाराशी अर्जाची प्रत घेऊन उभी. मी म्हटलं, "मॅडमना त्या वेळेपुरतं माझ्याकडे वर नेलं तर?" दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. "नेणार कोण?" वहिनी म्हणाल्या. "आणि त्यांनी बघायला यायचं ते कुणाला, ह्यांना?"

तपासनीस आले तो दिवस मी विसरणार नाही. खुर्ची आरशासारखी चमकत होती. भाऊंनी तिला आदल्या दिवशी आणखी दोन हात दिले होते. पण मी भाऊंना बोल लावणार तोच मॅडमकडे लक्ष गेलं. इस्त्रीचा नवा फ्रॉक, दोन वेण्या, वेण्यांना रिबिनी, गालांवर पावडर. हे काम वहिनींचं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या पुटपुटल्या, "बाहेरचा माणूस येणार म्हटल्यावर हातांना राहवलं नाही हो."

तपासनीस उंच, वाळके, नाकावर रुमाल धरून आलेले. दुकानात स्पिरिटचा वास असतोच. त्यांनी घर पाहिलं, खुर्ची पाहिली, मॅडमच्या रिबिनी पाहिल्या आणि म्हणाले, "फार छान ठेवलंय."

छान ठेवलंय म्हणजे गुण गेले.

"चालते का?"

"नाही," भाऊ म्हणाले. वहिनींनी श्वास सोडला. "म्हणजे अजून नाही."

वहिनींनी श्वास परत घेतला.

"बोलते?"

"नाही. पण डोळ्यांनी सगळं सांगते."

"जेवते?"

"नाही हाताने. पण चव अशी ओळखते साहेब, मीठ कमी पडलं की कुणी हॉटेलातल्या आचाऱ्यालाही ऐकवणार नाही इतकं ऐकवते."

साहेबांनी तीन ठिकाणी काहीतरी लिहिलं, आणि ज्या सहजतेने लिहिलं त्यावरून ते आमच्या बाजूचं नसावं. फाइलच्या नाड्या बांधायला घेतल्या. भाऊंना दिसत होतं की आपण बुडतोय, आणि तरी तोंडातून येत होतं ते पॉलिशच.

तेव्हा वहिनी उठल्या. हळूहळू, भिंतीला धरून. नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला, खडूचा तुकडा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"अहो, गिऱ्हाईक आलंय. काम घ्यायच्या आधी काय करता तुम्ही?"

भाऊ खडूकडे बघत राहिले. मग तपासनिसांकडे पाहून म्हणाले, "साहेब, दोन मिनिटं. माझ्यामागून या."

आधी ते मागच्या खोलीत गेले आणि पलंगाशेजारी गुडघ्यांवर बसले. तिथली एक फरशी बाकीच्या फरशांपेक्षा गुळगुळीत होती. तिच्यावर फुली. "इथे उभी राहून ही तिला उचलते. दिवसातून बारा वेळा." मग न्हाणीघराच्या दाराची चौकट. एका बाजूने सालपटं निघालेली. फुली. "खुर्ची आत नेताना रोज आपटते. मी दुनियेच्या चौकटी नीट करतो, ही करायला वेळ झालेला नाही." मिक्सर. फुली. "तिसरी मोटर." चमचा. त्याच्या टोकावर दातांचे खड्डे. एवढ्याशा चमच्यावर खडू चालेना, तरी त्यांनी मारलीच. "जेवताना तिचा जबडा आवळला जातो. सुटेपर्यंत थांबायचं. घाई केली तर घास श्वासात जातो. दोनदा गेलाय."

दारामागच्या खुंटीवर एक पांढरा कोट होता, डागांनी भरलेला. मी इतकी वर्षं समजत होते की तो भाऊंचा कामाचा. भाऊंनी त्याच्या पाठीवर मोठी फुली मारली. पांढऱ्यावर पांढरी, म्हणून दिसली नाही, तर दोनदा गिरवली. "हा हिचा. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. काचेची भांडी हिच्या हातून कधी फुटली नाहीत. मुलगी झाल्यावर सोडलं ते सोडलंच." साहेबांनी फाइलच्या नाड्या पुन्हा सोडल्या.

भाऊ आता थांबायला तयार नव्हते. स्वतःच्या कोपरावर फुली मारली, वळत नाही म्हणून. मग बायकोमागे गेले आणि तिच्या गडद निळ्या साडीवर, बरोबर कंबरेशी, वीतभर लांबीची ठसठशीत फुली ओढली.

"अहो!" वहिनी ओरडल्या. "माणसं आहेत समोर!"

"मुख्य सांधा हा आहे, साहेब," भाऊ म्हणाले. "हा गेला की सगळं कोसळणार. यात लांबी भरून भागणार नाही. मी भरून पाहिली."

साहेब लिहीत होते, आणि या वेळी भराभर.

मग त्यांनी मान वर केली. "आणि मुलगी? तिचं काय लिहू?"

भाऊंच्या हातात खडू होता. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मग तो परत खिशात टाकला. "ती गिऱ्हाईक आहे, साहेब. गिऱ्हाइकावर फुली मारत नाहीत."

तपासनीस काहीतरी उत्तर देणार होते, पण स्पिरिट आणि खडूची भुकटी यांचा व्हायचा तो परिणाम झाला. रुमाल नाकापर्यंत पोचायच्या आत त्यांना शिंक आली. अशी की कपाटांच्या काचा वाजल्या.

"माफ करा," ते म्हणाले आणि निघायला वळले.

"थांबा, थांबा!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

"काय झालं?"

"काही नाही. जरा थांबा," वहिनी म्हणाल्या. "येईल."

साहेब फाइल छातीशी धरून गोंधळून उभे. आणि मग मॅडमचे पाय ताणले, हात उघडले, रिबिनी हलल्या आणि ते हसू आलं. वाळक्या साहेबांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आहे का म्हणून. मग त्यांना समजलं. जाताना दारात दोन क्षण घुटमळले. मला वाटतं, आणखी एक शिंक येते का पाहत होते.

मंजुरी तीन आठवड्यांनी आली. रोज चार तास मदतनीस. शेवटच्या पानावर "इतर शेरा" अशी जागा होती, तिथे हाताने लिहिलं होतं: "मुलीस विनोद कळतो. दाद किंचित उशिरा देते." भाऊंनी त्या कागदाला लावायला म्हणून सागवानी चौकट घासायलाही घेतली. वहिनींनी कागद काढून घेतला. "आधी बाई येऊ द्या, मग टांगा."

बाई आली. दणकट, अबोल, आणि मुळातच सर्दीची. पहिल्याच दिवशी मॅडमनी तिला पास केलं.

आता सकाळचे चार तास वहिनींना काय करावं ते सुचत नाही. सवयीने दर दोन तासांनी उठून उभ्या राहतात. मग माझ्याकडे वर येतात, चहा घेतात आणि खिडकीला कान लावून बसतात. मागच्या शनिवारीही बसल्या होत्या. खाली भाऊंचा फोन वाजला. दर शनिवारी त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, फोन येतो. हात लाखेत असतात, म्हणून भाऊ तो स्पीकरवर टाकतात आणि मग ते सगळ्या इमारतीचं संभाषण होतं. अक्कांचा पहिला प्रश्न आम्हाला सर्वांना पाठ आहे.

"काय रे, पोरीत काही सुधारणा?"

या प्रश्नाला भाऊंनी सोळा वर्षं उत्तर दिलंय. मान धरायला लागलीय. परवा हात पुढे केला. मागच्या वर्षी तर ती "आत्या" म्हणाल्याचंही त्यांनी सांगून टाकलं होतं. वहिनींनी कप खाली ठेवला.

खाली लाखेचा डबा सरकवल्याचा आवाज आला. मग भाऊ म्हणाले, "नाही अक्का. काही सुधारणा नाही."

"आणि ते आत्या म्हणाली ते?"

"म्हणाली नव्हती."

"मला ठाऊक होतं," अक्का म्हणाल्या. "अरे, हाक मारली असती तर आधी बापाला नसती का मारली? मी कोण एवढी लागून गेले? पण तू इतक्या हौसेने सांगायचास, म्हटलं विचारत राहावं. नाही विचारलं तर तुला वाईट वाटेल."

"म्हणजे तू इतकी वर्षं..."

"तू तरी काय करत होतास? बरं, आता खरं सांग. सगळं सांग, सोळा वर्षांचं. थांब, आधी गॅस बंद करून येते."

वहिनी उठल्या. "जाऊ का खाली?"

"अजून पाऊण तास आहे तुमचा," मी म्हटलं. "बसा."

त्या बसल्या. खाली अक्का परत आल्या असाव्यात, कारण भाऊंनी खाकरून घसा साफ केला.

"हं. तर अक्का, कंबरेपासून सुरुवात करतो."

"बघितलंत?" वहिनी मला म्हणाल्या आणि कप पुढे केला. "पहिली फुली परत माझ्यावरच. ओता अजून थोडा."